खालून काढलेला परिच्छेद

ताई,

शेवटचा परिच्छेद आधी लिहितो.

‘या चाचण्या अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. चाचणीत काही आढळले नाही, याचा अर्थ कर्करोग नाही असा होत नाही. स्तनात गाठ हाताला लागत असल्यास रक्तचाचणीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे; मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास गाठीचा तुकडा तपासणे, याला आज पर्याय नाही.’

हे एकोणचाळीस शब्द आहेत. दोन वर्षांपूर्वी ते मी लिहिले आणि मीच काढून टाकले. छापले गेले नाहीत, म्हणून तू वाचले नाहीस. तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. मधल्या दोन वर्षांत आपण किती वेळा समोरासमोर बसलो, ते मला मोजता येणार नाही. हे एवढं तुला सांगितलं नाही, हे मात्र खात्रीने सांगता येतं.

रविवारी तुझं पुण्यानुमोदन झालं. बदलापूरला, बेलवलीत तुमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मांडव घातला होता. त्रिशरण, पंचशील झालं. मेणबत्ती लावायला रांग लागली. फोटो मयुरीने निवडला होता, तिच्या कॉलेजच्या गॅदरिंगमधला. त्यात तुझे केस आहेत. मग माइकवरचे गृहस्थ म्हणाले, ‘‘आता वंदनाताईंचे धाकटे बंधू, जे पेपरात असतात, ते दोन शब्द बोलतील.’’ मी उठलो, आलेल्यांचे आभार मानले, जेवून जाण्याची विनंती केली आणि खाली बसलो. दाजी माझ्याकडे बघत राहिले. पाणी वाढता वाढता मयुरी म्हणाली, ‘‘मामा, एवढंच? तुला तर लिहिता येतं ना.’’

लिहिता येतं. म्हणून हे लिहितोय.

तुझे शेठ आले होते. पांढरा सफारी घालून, उल्हासनगरहून रिक्षाने. चप्पल काढून फोटोपुढे उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘भाईसाहब, बाईस साल में उसके हाथ से पास हुआ एक पीस दुकान से वापस नहीं आया. वो आँख थी उसकी. अब मैं कहाँ से लाऊँ?’’ बावीस वर्षं तू त्यांच्या जीन्सच्या युनिटमध्ये चेकिंगच्या टेबलाशी उभी होतीस. ट्यूबलाइटच्या खाली पँट पसरायची, आधी उजवी बाजू, मग उलटी. टाका सुटलाय का, झिप वाकडी आहे का, दोन पाय एका मापाचे आहेत का. दोष सापडला की त्या जागी लाल बाणाचं छोटं स्टिकर चिकटवायचं आणि पँट आल्टरच्या ढिगात टाकायची. बाण लागलेला पीस ज्याने शिवला त्याच्याकडेच परत जातो, दुसऱ्या कुणाकडे नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. त्याने नीट करायचा आणि पुन्हा तुझ्या टेबलावर आणून ठेवायचा. तू पास म्हटल्याशिवाय पॅकिंगला जायचा नाही.

ती स्टिकरं तू घरीही आणायचीस. मी आरोग्य पान करतो हे तुला कळल्यापासून दर आठवड्याला तू ते पान टेबलावर पसरून तपासायचीस. पान शनिवारी यायचं. तुमच्या युनिटला शुक्रवारची सुट्टी, मलाही शुक्रवारची, कारण माझं पान गुरुवारी दुपारी चारला छपाईला सुटतं. त्यामुळे मी अंबरनाथहून शुक्रवारी जेवायला येईपर्यंत तुझ्या हातात पुरे सहा दिवस असायचे. मी चप्पल काढायच्या आधीच तू पान पुढे करायचीस.

‘‘हे घे, तुझा आल्टर.’’

‘‘पाणी तरी दे आधी.’’

‘‘पाणी नंतर. इथे ‘किडनी’ म्हटलंय आणि दोन ओळींनी ‘मूत्रपिंड’. एकच आहे ना ते? मग दोन नावं कशाला? बाईला वाटेल दोन वेगळे अवयव आहेत.’’

बाण जिथे असायचा तिथे खरोखर चूक असायची. बारा वर्षांत एकही बाण चुकीच्या जागी लागल्याचं मला आठवत नाही. तू आठवी शिकलेली होतीस. आमच्या डेस्कवर एम.ए. झालेली चार माणसं आहेत.

आता त्या बातमीबद्दल. क्रमाने सांगतो, कारण क्रम मोडला की आपण आपल्या सोयीचं सांगायला लागतो.

रक्ताच्या नमुन्यातून कर्करोगाचा माग घेणाऱ्या चाचण्यांवर जगभर काम चालू आहे. गाठीतून सुटलेले अतिसूक्ष्म अंश रक्तात फिरत असतात, ते शोधून काढायचे, एवढी त्यामागची कल्पना. मी त्यावर पानाचा मुख्य लेख लिहिला. त्यात खोटं काहीच नव्हतं. मथळा होता ‘रक्ताच्या थेंबात कर्करोगाचा पत्ता’. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं, ते जागेत बसेना म्हणून गेलं. लेख आमच्या रीतीप्रमाणे लिहिला होता: सर्वांत महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. जागा कमी पडली तर खालून कापता यावं, यासाठी ही रीत. पहिल्या दिवशी नोकरीवर शिकवतात. सावधगिरीचा मजकूर नेहमी शेवटी येतो. सगळे तसंच लिहितात, मीही तसंच लिहिलं.

गुरुवारी साडेतीनला जाहिरात वाढली. बदलापुरातल्या एका गृहप्रकल्पाची होती, आधी लहान होती, ती मोठी झाली. पान लावणारा मुलगा म्हणाला, ‘‘सर, सात ओळी बाहेर जातायत.’’

मी म्हणालो, ‘‘खालून काढ.’’

मी स्क्रीनकडे बघितलंही नाही. काय निघतंय ते मला माहीत होतं. मीच लिहिलं होतं.

लेख शनिवारी आला. पुढच्या गुरुवारी, चारला दहा मिनिटं असताना, तुझा फोन आला. तू त्या वेळी कधी फोन करत नसायचीस. पान सुटायची वेळ तुला माहीत होती.

‘‘ऐक ना, एक विचारायचं होतं. ते रक्तातनं कळतं म्हणतोस ते सगळ्यांना करता येतं का?’’

‘‘येतं. का गं?’’

‘‘काही नाही, युनिटमधली एक बाई विचारत होती. तिला ते मशिनमध्ये दाबून फोटो काढतात ते नकोय. कपडे काढायचे, वर पुरुष असतो म्हणे आत.’’

‘‘तसं काही नसतं. बाई असते बहुतेक ठिकाणी.’’

‘‘तरी पण. रक्ताचं बरं. हात पुढे केला की झालं. आणि तुझं ते शेवटी एकदम…’’

‘‘ताई, पान सोडतोय. नंतर बोलू?’’

‘‘बरं बरं. उद्या येतोस ना? कोलंबी आणते.’’

‘‘उद्या नाही जमत. पुण्याला लग्न आहे हिच्याकडचं.’’

‘‘मग काय, कोलंबी वाचली,’’ म्हणून तू फोन ठेवलास.

‘येतं’ हे उत्तर चुकीचं होतं. माझ्या लेखाच्या चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं की या चाचण्या संशोधनात भाग घेतलेल्या लोकांवर चालू आहेत. मला ते माहीत होतं. मी घड्याळाकडे बघत उत्तर दिलं. युनिटमधली कोणती बाई, हे मी विचारलं नाही. बातमीदाराने पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो.

पुढचं मला अकरा महिन्यांनी कळलं. दरम्यान तुझी पाठ दुखायला लागली होती. तू म्हणायचीस, उभं राहून राहून दुखते. दाजी जांभूळला पाण्याच्या केंद्रात पंपावर असतात, त्यांची पाळी बदलती. घरी असले की तुझ्या पाठीला मलम लावायचे, पण तू झंपर वर करू द्यायची नाहीस, वरच्या वर मानेपाशी लावून घ्यायचीस. शेवटी तू ताप येऊन पडलीस आणि मयुरीने तुला अंघोळ घातली. तिने मला ऑफिसात फोन केला. ‘‘मामा, आईच्या छातीला खड्डा पडलाय एका बाजूला. कातडी आत ओढल्यासारखी. ती म्हणते जुनं आहे, काही नाही. मामा, तू ये.’’

मी आलो. तू खाटेवर बसली होतीस आणि मयुरीवर चिडलेली होतीस. ‘‘हिला कोणी सांगितलं तुला फोन करायला? मी टेस्ट केलीय. नॉर्मल आली.’’ कपाटातून फाइल काढून तू कागद माझ्या हातात दिलास, जसं पान द्यायचीस तसा. एका लॅबचा रिपोर्ट होता. तू तिथे जाऊन म्हणाली होतीस, रक्तातनं कॅन्सर कळतो ती टेस्ट करा. त्यांच्याकडे होती ती ट्यूमर मार्करची तपासणी त्यांनी केली. माझ्या लेखातल्या चाचणीशी तिचा संबंध नव्हता. ती मुख्यतः कर्करोग असल्याचं माहीत असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवायला वापरतात. गाठ आहे की नाही ते ठरवायला तिचा उपयोग नसतो. लॅबने मागितलं ते दिलं. रिपोर्टखाली बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलंही होतं की डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तेही शेवटीच होतं.

मी तारीख बघितली. तुझ्या फोनच्या दुसऱ्या दिवसाची होती. शुक्रवारची. मी पुण्याला जेवत होतो तेव्हा तू हात पुढे करून बसली होतीस.

त्या क्षणी मला सगळं कळलं आणि मी म्हणालो, ‘‘चल, उद्या डॉक्टरकडे जाऊ.’’ एवढंच म्हणालो.

मुंबईच्या रुग्णालयात तुकडा तपासला, स्कॅन झाला. आजार मणक्यात आणि यकृतात पोहोचला होता. डॉक्टरांनी समजावलं की स्तनाच्या कर्करोगाचे प्रकार असतात, पेशींवरच्या तीन खुणा बघतात, त्यांवर औषध ठरतं. तुझ्यात तिन्हींपैकी एकही नव्हती. ज्या गोळ्यांवर बायका वर्षानुवर्षं जगतात, ज्यांवर मी चारदा तरी लिहिलं होतं, त्या तुझ्या उपयोगाच्या नव्हत्या. बाहेर व्हरांड्यात मी डॉक्टरांना गाठलं. विचारलं, अकरा महिने आधी आलो असतो तर?

ते म्हणाले, ‘‘सांगता येत नाही. हा प्रकार वेगाने वाढतो. कदाचित छातीपुरता असता. कदाचित तेव्हाही पसरलेला असता.’’

‘कदाचित’ हा शब्द मी बातम्यांमधून काढतो. जागा खातो आणि काही सांगत नाही. तेरा महिने मी त्या शब्दावर जगलो. त्याच्या एका बाजूला मी तुझा भाऊ होतो आणि दुसऱ्या बाजूला मी तुझ्या मरणाला हातभार लावलेला माणूस होतो. यातलं कोणतं खरं, ते ठरवणारा पुरावा अस्तित्वात नाही. मी शोधला.

केमो सुरू झाली. तुझे केस गेले, नखं काळी पडली, बोटांच्या टोकांना कापड लागत असलेलं कळेना. ‘‘टाका हाताला कळत नाही रे,’’ एवढी एकच तक्रार तू केलीस. मी आरोग्य पानावर कर्करोगाच्या बातम्या घेणं बंद केलं. मधुमेह, पाठदुखी, डोळ्यांची निगा. तिसऱ्या आठवड्याला तू मला पकडलंस.

‘‘कॅन्सर संपला का जगातला?’’

‘‘का?’’

‘‘तुझ्या पानावर नाही दिसत. माझ्यामुळे बंद केलंस?’’

‘‘ताई, त्या बातम्या… अजून हातात काही नसतं. वाचून लोकांना वाटतं की आलंच.’’

‘‘वाटू दे. मला वाटायचं असेल तर? तू कोण ठरवणार?’’

‘‘खोटी आशा लावायची लोकांना?’’

‘‘खोटी कशी? होणारेय ना कधीतरी? मला नसेल, मयुरीला असेल. छाप तू. मी वाचते आणि ठरवते मला काय वाटून घ्यायचं ते.’’

हा वाद अनेक शुक्रवार चालला आणि तो संपला नाही. मी बातम्या पुन्हा घ्यायला लागलो, पण मथळ्यातच ‘उंदरांवरील प्रयोगात’ असं लिहायचो. तू पान वाचून म्हणालीस, ‘‘तुझ्या पानावरचे उंदीर सगळे बरे होतात रे. मला उंदीर करून घे म्हणावं त्यांना.’’ मयुरी रडत आत गेली. तू आणि मी हसलो. मी तुझ्याशी इतक्या मोठ्याने हसलो ते शेवटचं.

तुझ्यासाठी नवं औषधही वापरून झालं. औषध थेट कर्करोगाच्या पेशींपर्यंत नेऊन सोडायचं, अशा पद्धतीचं. त्यावर मी लिहिलेला लेख तू फाइलमध्ये लावून ठेवला होतास. सलाइनच्या खुर्चीत बसून तो तू नर्सला दाखवलास. ‘‘माझ्या भावाने लिहिलंय.’’ काही रुग्णांना त्याने बरेच महिने मिळतात. तीन फेऱ्यांनंतरच्या स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी वाढलेल्या होत्या. मग मी चाचणीच्या टप्प्यातल्या औषधांसाठी पत्रं पाठवली. मी ज्यांच्यावर लिहितो त्यांच्याशी पहिल्यांदा माझा खरा पत्रव्यवहार झाला. उत्तरं सभ्य होती. तुझं यकृत त्यांच्या निकषात बसत नव्हतं. मी तुला ते शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं.

तू म्हणालीस, ‘‘म्हणजे मी आल्टरमध्येही नाही. कटपीसमध्ये.’’

थंडीत एक दिवस तुला बारवी धरणाकडे जायचं होतं. दाजींनी ओळखीच्या माणसाची गाडी आणली. रस्त्याला पाड्यावरच्या बायका वालाच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या, तू दोन किलो घेतल्यास, घरात वाल खाणारं कोणी नव्हतं तरी. धरण दिसतं तिथे दाजी गाडीबाहेर पाय मोकळे करायला गेले. मागच्या सीटवर आपण दोघंच होतो. दाजी लांबून हाताने दाखवत होते की इथलं पाणी तिकडून जांभूळला येतं, जणू आपल्याला हे माहीत नव्हतं. मी ठरवून आलो होतो. वाक्य तयार होतं: ताई, त्या लेखाचा शेवटचा परिच्छेद मी कापला होता. आठ शब्दांचं वाक्य.

‘‘ताई,’’ मी म्हणालो.

‘‘तुझं तोंड असं का झालंय? झिप उलटी लागल्यासारखं.’’

‘‘काही नाही.’’

‘‘काही नाही तर शेंगा सोल. हाताला काम दे.’’

मी शेंगा सोलल्या. तुझ्या बोटांना कळत नव्हतं म्हणून तू सोलू शकत नव्हतीस. तू दाणे मोठे-लहान निवडत होतीस, डोळ्यांनी. दाजी परत आले. नंतर आणखी दोनदा मी तयारी केली. एकदा तुला ओकारी आली. एकदा तू झोपली होतीस आणि मला हायसं वाटलं. तेही नोंदवून ठेवतो. मग मॉर्फीन सुरू झालं. त्यानंतर सांगणं हे स्वतःच्या सोयीसाठी सांगणं झालं असतं. आधीचं न सांगणंही सोयीसाठीच होतं.

माझ्या हातून तुला काय मिळालं, आणि तुझ्या हातून मला? तुझ्या बाणांनी मला दुसऱ्यासाठी लिहायला शिकवलं. किडनी आणि मूत्रपिंड यांतून एक निवडताना अजून मला तुझं टेबल दिसतं. डेस्कवर माझ्या पानाचं चुका कमी म्हणून दोनदा कौतुक झालं. ते तुझं होतं, हेही मी तिथे बोललो नाही. कृतज्ञता आहे, ताई. पण ती कुठे ठेवायची ते कळत नाही, कारण जिथे ठेवायला जातो तिथे ते एकोणचाळीस शब्द आधीच असतात.

रविवारी, मांडव आवरत असताना, तुमच्या युनिटमधली रेश्मा माझ्याकडे आली. धागे कापायच्या टेबलावर असते ती, तू तिच्याबद्दल सांगायचीस. पदर सावरत म्हणाली, ‘‘दादा, एक विचारू? ती रक्ताची टेस्ट आली का आता आपल्याकडे? ताईंनी आम्हाला तुमचं वाचून दाखवलं होतं जेवणाच्या सुट्टीत. सगळ्या बोलल्या, ती आली की करू. कपडे काढायला नकोत.’’

‘‘किती जणी?’’

‘‘आम्ही अकरा जणी होतो तेव्हा.’’

मी तिला एकोणचाळीस शब्द सांगितले, साध्या भाषेत. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘मग ताईंनी आम्हाला असं का…’’ आणि थांबली. तिने तुझ्या फोटोकडे बघितलं. मी म्हणालो, ‘‘ताईंची चूक नाही. माझी आहे. त्यांनी वाचलं त्यात हे नव्हतं.’’ मयुरी खुर्च्या एकात एक रचत जवळच उभी होती. तिने ऐकलं असावं. रेश्मा म्हणाली, ‘‘बरं, बघते,’’ आणि गेली. ‘बघते’ याचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते तुला माहीत आहे.

सोमवारी मी ऑफिसात विचारलं की त्या लेखाचं शुद्धिपत्रक देता येईल का. वरिष्ठांनी जुना अंक काढून लेख दोनदा वाचला. म्हणाले, ‘‘यात चूक कुठाय? सगळं बरोबर आहे.’’ मी सांगितलं, शेवटी काय होतं ते. ते म्हणाले, ‘‘शुद्धिपत्रक चुकीचं छापलं त्याचं देतात. न छापलेल्याचं कसं देणार?’’ त्यांचं बरोबर होतं. तसा नियम नाही. ‘‘नवीन लेख लिही,’’ म्हणाले, ‘‘विषय चांगलाय.’’

विषय चांगला आहे. या आठवड्यातही तीन बातम्या आल्या आहेत. संगणक मॅमोग्राफीचे फोटो वाचून डॉक्टरांना मदत करतो आहे. एकेका रुग्णाच्या गाठीनुसार लस बनवायचं काम पुढे सरकलं आहे. आणि रक्ताची चाचणी आणखी थोडी नेमकी झाली आहे. सगळं खरं आहे. पुढे कोणाकोणाला याने आयुष्य मिळेल. तू गेलीस त्या आठवड्यातही संशोधन एक पाऊल पुढेच होतं, आणि मला त्यातलं एकही वाक्य पूर्ण वाचवत नाही.

काल संध्याकाळी मयुरी अंबरनाथला आली. पिशवी घेऊन. ‘‘आईची कात्रणं. तुझी आहेत, तूच ठेव.’’ चहा घेतला नाही. दारातूनच गेली. रविवारचं तिने ऐकलं होतं, हे तेव्हा नक्की झालं.

पिशवीत बारा वर्षांची पानं होती, वर्षाप्रमाणे लावलेली, युनिटमधल्या पँटच्या पुठ्ठ्यात बांधलेली. ते पान मी शोधलं. घडीवर पिवळं पडलेलं होतं. मथळा, चित्र, चार कॉलम. खाली उजवीकडे जाहिरात: वन बीएचके, स्टेशनपासून सात मिनिटं. लेखाची शेवटची ओळ आणि जाहिरातीची चौकट यांच्यामध्ये बोटभरही जागा नाही. तिथे लाल बाण लावलेला होता. बरोबर त्या जागी. चुकीच्या शब्दावर नाही, कारण तिथे शब्दच नव्हता. लेख जिथे तुटतो तिथे.

‘‘आणि तुझं ते शेवटी एकदम…’’ फोनवर तू हे म्हणत होतीस आणि मी पान सोडत होतो.

हे स्टिकर तू कधी लावलंस, ते कळायला मार्ग नाही. त्या पहिल्या आठवड्यात लावलं असशील, तर तुला दिसलं होतं की इथे काहीतरी राहिलंय, आणि तू ते मला विचारायला फोन केला होतास. मी उत्तर दिलं असतं तर शुक्रवारी तू त्या लॅबमध्ये गेली नसतीस. आजारपणात लावलं असशील, फाइल चाळताना, तर तू ओळखलं होतंस. मग बारवीच्या रस्त्याला तुला माहीत होतं मी काय सांगणार आहे ते, आणि तू मला शेंगा सोलायला लावल्यास. दोन्ही शक्यता मी रात्रभर मांडून पाहिल्या. एकीलाही पुरावा नाही. दोन्हींतली मला कोणती हवी आहे, तेही मला सांगता येत नाही.

बाण लागलेला पीस ज्याने शिवला त्याच्याकडेच परत येतो. आला आहे. दुरुस्ती केली; वरिष्ठांनी लिहायला सांगितलेला नवीन लेख म्हणजे हाच, आणि ती यात सर्वांत वर घेतली आहे, म्हणजे जागा कमी पडली तरी कापली जाणार नाही. आता तो तुझ्या टेबलावर ठेवायचा असतो, आणि तू पास म्हटल्याशिवाय पुढे जात नाही.

पान माझ्यापुढे पसरलेलं आहे. बाण मी काढलेला नाही.